पहिल्या यादीतलं नाव

मॅट्रिकचा शेवटचा पेपर होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आमच्या मळ्यात आल्या. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोन वर्षं होती. अमरावती शहर आमच्या मळ्याच्या बरंच अलीकडे संपायचं आणि टांगेवाले तिथून पुढे यायला नाही म्हणायचे. बाई ते शेवटचं अंतर पांदणीतून, शेतांमधल्या गाडीवाटेने, चालत आल्या. पांढरं पातळ, हातात छत्री, चपलांवर धूळ. बाबा वांग्यांना पाणी देत होते. माय मोगऱ्याच्या कळ्या टोपलीत भरून देवळाकडे विकायला निघाली होती, ती थांबली.

शाळेतलं कुणी आमच्या घरी कधी आलं नव्हतं. बाबांनी घाईघाईने बाज अंगणात टाकली, वर घोंगडी अंथरली. बाई बसल्या. मायने चहा केला आणि कपाऐवजी नवा पेला काढला, कारण कप एकच होता आणि त्याचा कान तुटलेला होता. बाईंनी तो चहा सगळा घेतला. मी दाराशी उभी राहून ते पाहत होते. पुढे जे झालं त्यात त्या पेल्याचा वाटा फार मोठा होता, हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली.

मी वर्गात पहिली यायचे. हे सांगताना आता काही वाटत नाही, तेव्हा वाटायचं. गणित आणि शास्त्र हे माझे विषय. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, एक काचेचं कपाट होतं, आणि त्याची किल्ली बाईंनी नववीपासून माझ्याकडे दिली होती. बाईंची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती नीटनेटकी, गोड गळ्याची, अभ्यासात बरी. आम्ही मैत्रिणी होतो.

सायन्स शिकायचं हे मी कुणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मळ्यात आमची संत्र्याची थोडी झाडं होती. बाबा जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरायचे. साल चिरून त्यात दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटायला आलेला कोंब, बसवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधायचा. अकराव्या वर्षापासून मी ते करत होते, आणि माझे डोळे बाबांच्यापेक्षा जास्त धरायचे. एका झाडाला दुसरं झाड आपलं कसं म्हणतं, हे मला पुस्तकातून समजून घ्यायचं होतं. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "धरते तं धरते. काहून धरते ते देवाले इचार." मला कॉलेजला विचारायचं होतं.

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला आणि बाबांना सांगायला सुरुवात केली. अकोल्याला शिक्षिकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं होतं. वसतिगृह तिथेच, दोन वर्षांचा कोर्स, पुढे नोकरी जवळजवळ हातात. त्यांच्या दोन याद्या लागायच्या. दुसरी यादी सगळ्यांसाठी, निकाल लागल्यावर, मार्कांप्रमाणे; तिच्यात कुणाचं नाव येईल ते सांगता येत नसे. पहिली यादी निकालाच्या आधीची. ठरावीक शाळांनी आपल्या चांगल्या मुली सुचवायच्या, मुलगी नुसती पास झाली तरी जागा पक्की.

"अट एवढीच," बाई म्हणाल्या, "की पहिल्या यादीत नाव घातलं की या वर्षी दुसरीकडे कुठेही अर्ज करायचा नाही. वडिलांनी तसं हमीपत्र लिहून द्यायचं, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला शाळेकडून थेट त्यांच्याकडे जाणार."

"म्हंजे मंग इथल्या कॉलेजात..." माय म्हणाली.

"दाखल्याशिवाय कुठलंच कॉलेज घेत नाही. म्हणून तर नीट विचार करून ठरवा म्हणते."

माय मोगऱ्याची टोपली कडेवर घेऊन उभीच होती. ती म्हणाली, "निकाल तं येऊ द्या ना, बाई. पोट्टी हुशार हाये म्हनता. दोन महिन्याचा तं सवाल हाये."

"निकाल आल्यावर पहिली यादी राहत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि निकालाचा भरवसा कोणी द्यावा? एखादा पेपर वाईट गेला असला तर? सायन्सला चार-सहा वर्षं लागतात. मुलांचं कॉलेज आहे, त्यात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. तुम्ही तेवढं थांबाल का, हे तुमचं तुम्ही पाहा. मी माझ्या मुलीसारखी समजून सांगते आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुहं काय म्हननं हाये?"

पुढे आयुष्यभर मी बाईंना दोष दिला, बाबांना थोडा दिला, नशिबाला दिला. पण त्या सकाळी मला विचारलं गेलं होतं, ही गोष्ट मी कितीही झाकली तरी झाकली जात नाही. बाबांनी विचारलं, आणि ते उत्तराची वाट पाहत थांबले. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या आमच्या अंगणात बसल्या होत्या, आमच्या पेल्यातून चहा प्यायल्या होत्या. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मी म्हणाले, "बाई म्हणतात तसं."

बाबांनी बाजेवरच सही केली. त्यांना सही यायची, आणि ती ते फार सावकाश, जोर देऊन करायचे. माय तोवर पांदणीला लागली होती.

निकाल जूनमध्ये लागला. मी शाळेत पहिली आले, आणि नुसती पहिली नाही. गणितात जिल्ह्यात माझ्या वर फार कोणी नव्हतं. शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं होतं. तिथे बाईंनी एक नवीन गोष्ट जाहीर केली. गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने आमच्या शाळेसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. शाळेची जी मुलगी सायन्सला जाईल आणि जाणाऱ्यांत जिचे मार्क सर्वांत जास्त असतील, तिचा पदवीपर्यंतचा सगळा खर्च. हे पहिलंच वर्ष. त्या वर्षी शाळेतून सायन्सला जाणारी मुलगी एकच होती. ती बाईंची मुलगी.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारची मुलगी मला म्हणाली, "तू का नाही गं गेलीस?" मी तिला हमीपत्राचं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला, तेवढंच. रडले वगैरे नाही.

घरी आल्यावर मायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने फुलं शेजारणीकडे दिली, धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चाल अकोल्याले." बाबा म्हणाले, "सही केली म्या. शब्द देल्ला." माय म्हणाली, "तुमी नका येऊ मंग."

बडनेऱ्याहून आम्ही पॅसेंजर धरली. मूर्तिजापूरपर्यंत माय खिडकीतून बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "त्यायच्या पोरीचं नाव त्यायनं पहिल्या यादीत काहून नाई घातलं?" हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता. शाळेतली पहिली मी, आणि सायन्सचं कपाट माझं, हे सगळ्यांना ठाऊक असताना मला प्रश्न पडला नाही. शाळेत एकदाही न गेलेल्या माझ्या मायला पडला.

ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख बाई वयस्कर आणि सभ्य होत्या. त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं. मायने लुगड्याचा पदर सारखा करत सांगितलं, की पोरगी पहिली आली आहे, तिला अमरावतीच्याच कॉलेजात शिकायचं आहे, तेवढा दाखला परत द्या.

त्यांनी फाइल मागवली. हमीपत्र काढून मायपुढे ठेवलं. "ही सही तुमच्या यजमानांची ना?"

"सही त्यायनं केली. पोरगी माहीबी हाये."

प्रमुख बाईंनी हमीपत्र परत फाइलीत ठेवलं. मग त्यांनी मायला सोडून मला सांगितलं. "दाखला अडवून ठेवायचा मला अधिकार आहे की नाही, हे मी सांगत नाही. तू हट्टच धरलास तर मी देईन. पण आमचा नियम असा आहे, की ज्या शाळेची मुलगी हमी मोडते, त्या शाळेला पुढची तीन वर्षं पहिली यादी बंद. तुझ्या मागच्या वर्गात कोण कोण आहे, तूच आठवून बघ."

मी आठवून बघितलं. माझ्या मागच्या वर्गात एका विधवेची मुलगी होती, एक पुजाऱ्याची होती, नांदगाव पेठेच्या वाटेवरून रोज चालत येणारी एक होती. त्यांना सायन्स नको होतं, शिष्यवृत्ती मिळणार नव्हती. त्यांना हेच ट्रेनिंग हवं होतं. मी सतरा वर्षांची होते. मी म्हणाले, "राहू द्या."

परतीच्या गाडीत माय माझ्याशी बोलली नाही. घरी गेल्यावर बाबांशीही बोलली नाही. ते न बोलणं पुढे किती दिवस चाललं ते मी पाहिलं नाही, कारण मी तोवर वसतिगृहात होते. पण दिवाळीला घरी आले तेव्हा बाबा आपलं ताट स्वतः वाढून घेत होते. संत्र्याला डोळे भरायच्या दिवसांत मी येऊ शकले नाही. त्या वर्षी बाबांनी एकट्याने भरले. पुढे झाडं म्हातारी झाली आणि तो तुकडा त्यांनी भाजीखाली आणला.

अकोल्यात मी वाईट शिकले नाही. मी काही वाईट शिकतच नसे. दोन वर्षांनी तिथल्याच सराव-शाळेत मला नोकरी लागली. चौथीच्या मुलींना भागाकार शिकवायचे. मुली मला घाबरायच्या. सोबतच्या शिक्षिका म्हणायच्या, हिचं हसायचं ट्रेनिंग झालंच नाही.

बाईंच्या मुलीने सायन्सचं एक वर्ष केलं. दुसऱ्या वर्षी तिला जबलपूरचं स्थळ आलं, इंजिनिअर होता, आणि तिचं लग्न झालं. पत्रिका मला आली होती. ती माझ्यावर मनापासून प्रेम करायची, आजही करते असं वाटतं. मी लग्नाला गेले नाही. तिने पदवी घेतली असती, कुठे शिकवलं असतं, निदान घरातल्या कुंडीत एखादं झाड नीट वाढवलं असतं, तर मला माझी जागा कुणीतरी बसायला वापरली एवढं तरी समाधान झालं असतं. ती जागा रिकामीच राहिली.

नोकरीला चारेक वर्षं झाल्यावर ऑफिसातली जुनी कागदपत्रं लावायचं काम माझ्याकडे आलं. त्यात माझी फाइल निघाली. बाबांची ती दाबून केलेली सही, आणि तिच्याखाली बाईंच्या वळणदार अक्षरातलं शिफारसपत्र. त्यात लिहिलं होतं, 'ही विद्यार्थिनी यंदा आमच्या शाळेत निश्चितपणे प्रथम येईल.' तारीख एप्रिलची.

मी ते पत्र दोनदा वाचलं, फाइल परत लावली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहत राहिले.

अमरावतीला बाई निवृत्त होऊन दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी मला ओळखलं, जवळ घेतलं, चहा केला. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. विचारलं, "बाई, त्या शिष्यवृत्तीचं तुम्हाला कधी कळलं होतं?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं. बहुधा हा प्रश्न कधीतरी येणार हे त्यांना माहीत असावं.

"त्यांचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. निकालापर्यंत जाहीर करू नका असं त्यांनी कळवलं होतं."

"आमच्या मळ्यात तुम्ही एप्रिलमध्ये आलात."

"हो."

"तेव्हा म्हणालात, निकालाचा भरवसा कोणी द्यावा. आणि अकोल्याला लिहून दिलंत की ही निश्चित पहिली येईल. मी वाचलं ते पत्र."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. "अकोल्याला लिहिलं ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी बोलले तेही मला खरंच वाटत होतं. तुझे वडील चार-सहा वर्षं थांबतील असं मला वाटलं नाही. भाजी विकणाऱ्या माणसाने मुलीला कॉलेजात घालावी, असं तेव्हा मी कुठे पाहिलं नव्हतं."

"आणि तुमच्या मुलीचं?"

"तिचं मी ठरवून केलं नाही." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण ते तिला मिळालं तेव्हा मला वाईट वाटलं, असंही मी म्हणणार नाही. मी एकटीने तिला वाढवली होती. तू मला विचारलंस म्हणून सांगते."

मी उठले. त्या दारापर्यंत आल्या. त्यांनी क्षमा मागितली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्यांनी मागितली नाही, आणि त्यांनी खोटंही सांगितलं नाही, त्यामुळे मला भांडताही आलं नाही. मळ्यात गेले. माय आणि बाबा एकमेकांशी केव्हाचे बोलायला लागले होते. त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

पण तो राग कुठेतरी जाणारच होता. तो कुठे गेला ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिणं म्हणजे नुसती तक्रार होईल.

पुढच्याच वर्षी ट्रेनिंग कॉलेजने मला पहिल्या यादीच्या कामाला लावलं. शाळांनी सुचवलेल्या मुलींच्या घरी जायचं, अट समजावून सांगायची, हमीपत्रावर सही घ्यायची. अकोल्याच्या जुन्या शहरात एका शिंप्याच्या घरी गेले. शिंपी मशीनवरून उठला आणि कपडे बाजूला सारून मला जागा केली. मुलगी माझ्यासारखीच दाराशी उभी. शाळेतले मार्क चांगले होते, माझ्याएवढे नाहीत, पण चांगले.

मी अट सांगितली. मग मी तिला विचारलं, "तुला काय शिकायचंय?"

ती म्हणाली, "मले कॉलेजात जायचं आहे, बाई. बीए करायचं आहे."

शिंपी हसला. "तिचं आइकू नका. तुमी म्हनाल ते करतो. तुमी शिकेल आहात."

पिशवीतून हमीपत्र मी काढलंच नव्हतं. मी म्हणाले, "सही करू नका. निकालापर्यंत थांबा."

"तुमी तिथल्याच ना, बाई? अन तुमीच थांबा म्हनता?"

"हो. तिला निवडायला मिळू द्या. निकाल चांगला लागला तर तिला कुठेही जाता येईल."

मुलीच्या तोंडावर जो आनंद आला तो बघून मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर नुसतं बरं नाही, जिंकल्यासारखं वाटलं. त्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी नव्हतीच. मी बाईंना उत्तर देत होते. परत येऊन मी ऑफिसात सांगितलं, मुलगी तयार नाही.

निकाल लागला. ती पास झाली, पण थर्ड क्लासमध्ये. परीक्षेच्या दिवसांत तिला ताप होता, हे मी तिच्या घरी गेले तेव्हा कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पेपर कसे गेले, एवढा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. पहिल्या यादीत तिला नुसतं पास होऊन चाललं असतं. दुसरी यादी तिच्या मार्कांच्या पुष्कळ वर बंद झाली. मी प्रमुख बाईंकडे गेले, काही होईल का विचारलं. त्या म्हणाल्या, "तिची तयारी नव्हती असं तूच म्हणालीस ना?" मला खरं सांगता आलं नाही. नोकरी माझी होती.

कॉलेजात बीएला तिला कदाचित घेतलं असतं. मी तसं सांगायला शिंप्याकडे गेले, तेव्हा तो मशीनवर होता. तो उठला नाही. मशीन मात्र थांबवली.

"बाई, एवढ्या मार्कात कॉलेज कशाले? लोक हासतील. खामगावचं स्थळ आलं, होकार देऊन टाकला."

"ती कुठे आहे?"

"मायबरोबर खरेदीले गेली."

मी तिथे उभी राहिले. मला वाटलं होतं तो बोलेल, रागावेल. तो समोरच्या कापडावर खडूने रेघ मारत होता. शेवटी मीच म्हणाले, "माझं चुकलं."

त्याने मान वर केली. "तुमी थांबा म्हनलं, आमी थांबलो. तुमी काय वाईटासाठी म्हनलं काय?"

बाईंना मी जे विचारायला गेले होते, तेच हा माणूस मला विचारत होता. फरक एवढाच, की त्याला उत्तर नको होतं. त्याने मशीन पुन्हा सुरू केली.

खामगावला मी कधी गेले नाही. पहिल्या यादीचं काम मी नंतरही नऊ वर्षं केलं, कारण ते सोडण्याचं कारण मला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या नऊ वर्षांत मी कुठल्याही मुलीला काय शिकायचंय असं विचारलं नाही. दोन्ही याद्या वाचून दाखवायचे, हमीपत्र पुढे ठेवायचे आणि चहा नको म्हणायचे.